गुरुजींचं मृत्युपत्र: शिष्यवृत्ती पास, समाधी नापास, आणि सर्जा बैल इमानावर

आधी एक सांगून टाकतो. हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. सातारा-सांगली पट्ट्यात मृत्युपत्रं जशी लिहिली जातात तशातल्या चार-पाच गोष्टी एकत्र करून उदाहरण म्हणून उभं केलंय, त्यामुळं हे अमक्या गावचे गुरुजी का असं शोधत बसू नका. कायदा आणि कोर्टाचे निकाल मात्र खरे आहेत.

तर कोरेगाव तालुक्यातले एक रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, एक भाऊ एक बहीण होती तीही वारलेली. मागं राहिले दोघं, भावाचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा. पुतण्या गावातच, ऊस आणि आलं करतो, गुरुजींचं शेवटचं दुखणंखुपणं त्यानंच काढलं. भाचा सांगलीला हळदीच्या अडतीवर, दिवाळीला यायचा. मालमत्ता म्हणजे दोन एकर बागायत, राहतं घर, बँकेत वीस लाखाच्या ठेवी आणि सर्जा नावाचा एक म्हातारा खिल्लार बैल, जोडीतला राजा दोन पावसाळ्यांपूर्वी गेलेला.

मृत्युपत्र गुरुजींनी स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, दोन साक्षीदार, तेही स्टँपपेपरवर (मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, पण आपल्याकडं स्टँपवर लिहिल्याशिवाय ते कुणाला खरंच वाटत नाही, त्याला इलाज नाही). जमीन आणि घर पुतण्याला. वीस लाखाची मात्र चार कलमं पाडलेली, आणि सगळी मजा त्यातच आहे.

एक, दहा लाख ठेवून त्याच्या व्याजातून गावच्या हायस्कूलमधून दहावी झालेल्या गरीब मुलींना पुढच्या शिक्षणाला मदत करावी, आमच्या भावकीतली मुलगी असेल तर तिला आधी. दोन, चार लाख ठेवून त्याच्या व्याजातून शेताच्या बांधावर माझी आणि सौ.ची समाधी बांधावी, रोज दिवा लावावा, दर पुण्यतिथीला पूजा करावी, हे कायमस्वरूपी चालू ठेवावं. तीन, दोन लाख पुतण्याला द्यावेत, त्यानं त्यातून सर्जाला मरेपर्यंत सांभाळावं, शर्यतीला जुंपू नये, बाजार दाखवू नये, कसायाला देऊ नये. चार, राहिलेली सगळी रक्कम माझ्या एक्झिक्युटरनी धर्मकार्याला लावावी.

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अंमलात आणणारे, दोन, पुतण्या आणि गुरुजींचे जुने सहकारी असलेले एक हेडमास्तर.

दहाव्याच्या दिवशी मृत्युपत्र वाचलं गेलं आणि भाच्याचं तोंड उतरलं, कारण त्याचं नाव कुठंच नव्हतं. पण सांगलीच्या वकिलानं त्याला हिशोब मांडून दिला. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण कुणीच नसतील तर भावाचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा एकाच पायरीवर येतात, दोघांना सारखा वाटा. म्हणजे मृत्युपत्रातलं जे जे कलम पडेल त्यातलं अर्धं भाच्याचं. वकील म्हणाला, समाधी पडणार, धर्मकार्य पडणार, बैल तर पडणारच आणि भावकीचा मुद्दा नीट लावला तर शिष्यवृत्तीसुद्धा पाडू. वीस लाखातले दहा लाख घरी. गणित कागदावर बिनचूक होतं.

आता कायद्याचं बघू. ट्रस्ट (म्हणजे कुणासाठी किंवा कशासाठी तरी पैसे दुसऱ्याच्या, ट्रस्टीच्या, हाती सोपवून ठेवणं) या विषयात शंभर पोटकलमं असतील, पण मला विचाराल तर खालचा प्रश्न एकच आहे: उद्या ट्रस्टीनं पैसे खाल्ले तर जाब कोण विचारणार? खासगी ट्रस्ट असेल, समजा नातवाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे, तर तो नातू कोर्टात उभा राहतो. पब्लिक ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त आहेत, आणि हितसंबंध असलेली दोन माणसंसुद्धा आयुक्तांची लेखी संमती घेऊन दावा लावू शकतात. पण पैसे समाधीसाठी असतील तर? समाधी काही वकील लावत नाही. बैलही वकालतनाम्यावर अंगठा उठवत नाही. इंग्लंडच्या कोर्टानं १८०४-०५ सालीच मोरिस विरुद्ध बिशप ऑफ डरहॅम या खटल्यात हे सांगून टाकलं की जिच्या बाजूनं कोर्टाला हुकूम करता येईल अशी कुणीतरी व्यक्ती पाहिजे, नाहीतर ट्रस्ट नाही. धर्मादाय कामं तेवढी याला अपवाद, कारण तिथं सरकार लोकांच्या वतीनं उभं असतं.

तरीपण इंग्रज माणूस कुत्र्या-घोड्यांवर जीव टाकणारा, त्यामुळं त्यांच्या जजांनी थोडी फट ठेवली. १८८९ च्या रे डीन (‘रे’ म्हणजे ‘च्या बाबतीत’) प्रकरणात एकानं आपल्या घोड्यांसाठी आणि शिकारी कुत्र्यांसाठी वर्षाला ७५० पौंड ठेवले होते, पन्नास वर्षांपर्यंत, ते कोर्टानं चालू दिले. १९३२ च्या रे हूपरमध्ये थडग्यांच्या देखभालीला २१ वर्षांपुरती परवानगी मिळाली. असल्या ट्रस्टला अमेरिकेत ऑनररी ट्रस्ट म्हणतात, म्हणजे ट्रस्टीनं केलं तर करू द्यायचं, नाही केलं तर त्याला जबरदस्ती करता येत नाही, सगळं त्याच्या इमानावर. नंतर तिथल्या बहुतेक राज्यांनी पाळीव जनावरांच्या ट्रस्टला रीतसर कायदाच केला. न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्या लिओना हेम्सली २००७ साली वारल्या तेव्हा आपल्या कुत्रीला एक कोटी वीस लाख डॉलर ठेवून गेल्या, कोर्टानं ते वीस लाखावर आणले, म्हणजे कुत्रीचीसुद्धा थोडी काटकसर झाली. इंग्लंडनं मात्र १९६० च्या रे एंडाकॉटमध्ये फट बुजवत आणली. एकानं आपलं उपयुक्त स्मारक करावं म्हणून गावच्या कौन्सिलला पैसे ठेवले होते, कोर्ट म्हणालं एवढं मोघम चालणार नाही आणि जुने अपवाद आहेत तेवढेच, त्यात नवी भर नको.

आपल्याकडं ही फट जवळजवळ नाहीच. १८८२ चा इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट म्हणतो लाभार्थी म्हणजे मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती. देवाची मूर्ती कायद्यानं व्यक्ती मानली जाते, तिच्या नावावर सातबारा असतो, हे आपल्याला माहीतच आहे. सर्जाच्या नावावर सातबारा होत नाही.

समाधीचं कलम आधी घेतो, कारण लोकांना तेच पटत नाही. सुप्रीम कोर्टाचा १९५३ चा सरस्वती अम्माळ विरुद्ध राजगोपाल अम्माळ हा निकाल. मद्रासकडचं प्रकरण, नवऱ्याच्या समाधीवर कायम पूजा चालावी म्हणून मालमत्ता लावून दिलेली. कोर्ट म्हणालं, साध्या माणसाच्या समाधीची पूजा हे हिंदू धर्मशास्त्रानं किंवा सर्वमान्य रूढीनं पुण्याचं मानलेलं काम नाही, आणि ज्यानं त्यानं आपल्या मनानं नवनवी पुण्यकर्मं शोधून त्यांच्या नावावर कायमची मालमत्ता अडकवायची हे सार्वजनिक धोरणात बसत नाही. १९७८ च्या नागू रेड्डियार प्रकरणात हेच परत सांगितलं.

इथं हेडमास्तर उसळले. ते म्हणाले, अहो सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे, पुसेगावला सेवागिरी महाराजांची आहे, केवढी यात्रा भरते, केवढा खिल्लार जनावरांचा बाजार भरतो, ते सगळं बेकायदेशीर का? नाही. फरक असा की तिथं लोकांनी त्या पुरुषाला संत मानलंय, लांबलांबून माणसं दर्शनाला येतात, ती सार्वजनिक पूजेची जागा झालीय, आणि कोर्टानं हा अपवाद मान्यच केलेला आहे. गुरुजी मोठे होते, अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली, पण बांधावरच्या समाधीला येणार कोण, पुतण्या आणि फार तर वाट चुकलेला ऊसतोडीवाला. हेडमास्तरांनी मग शेवटचा पत्ता टाकला, संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे ती? आहे ना, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आजही आहे, वाघापासून महाराजांना वाचवलं म्हणून बांधली असं सांगतात. पण ती छत्रपतींनी बांधली, राजाला परपेच्युइटीचा, म्हणजे मालमत्ता कायमची अडकवायची नाही हा, नियम कोण विचारणार. आणि तसंही समाधी बांधायला कायद्याची ना नाहीच. आपल्या रानात आपल्या पैशानं बांधा आणि दिवा लावा. बंदी आहे ती पैसा कायमचा बांधून ठेवायला.

म्हणजे दुसरं कलम गेलं. भाच्याचे दोन लाख पक्के? तसं नाही झालं, आणि या अख्ख्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

चौथ्या कलमात गुरुजींनी लिहिलं होतं ‘राहिलेली सगळी रक्कम’. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम १०३. उरलेल्या सगळ्याचं दान ज्याला केलंय त्याला, ज्या मालमत्तेबद्दल अंमलात येऊ शकेल अशी दुसरी व्यवस्था मृत्युपत्रात नाही ती सगळी मिळते. समाधीची व्यवस्था केली होती, पण ती अंमलात येऊ शकत नाही, म्हणजे ते चार लाख वारसांकडं जात नाहीत, गडगडत खाली चौथ्या कलमात येऊन पडतात. आता चौथं कलम टिकलं तर आठ लाख धर्मकार्याला, आणि ते पडलं तर मात्र आठ लाख वारसांना. म्हणून खरी लढाई धर्मकार्यावर झाली.

भाच्याच्या वकिलानं जुनं हत्यार काढलं. रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई, प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळात आपलं शेवटचं अपील जिथं जायचं ते लंडनचं कोर्ट), १८९९, आपल्या मुंबईकडचंच प्रकरण. कुणीतरी मृत्युपत्रात ‘धरम’साठी पैसे ठेवले होते. लंडनच्या जजांनी डिक्शनरी उघडून बघितलं की या शब्दात काय काय बसतं, आणि म्हणाले हे फार मोघम आहे, नक्की कशावर खर्च करायचं हे कोर्टाला ठरवता येत नाही, सबब रद्द. वकिलानं हे वाचून दाखवल्यावर पुतण्याला घाम फुटला होता.

पण हा निकाल आपल्या राज्यात मागंच मोडीत काढलाय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम १०. लाभार्थी किंवा उद्देश नक्की नाहीत एवढ्याच कारणावरून पब्लिक ट्रस्ट रद्द होत नाही, आणि त्याखालच्या स्पष्टीकरणात धर्म, धर्मादा, पुण्यकार्य असे शब्द नाव घेऊन लिहिलेत. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की आपला माणूस मृत्युपत्रात ‘गरिबीनिवारण व शैक्षणिक उन्नती’ लिहीत नाही, तो ‘धर्माला लावा’ म्हणतो आणि डोळे मिटतो. माझ्या मते पन्नास सालच्या त्या कायद्यातली ही सगळ्यात शहाणी ओळ आहे. शिवाय त्याच कायद्यात कलम ११ आहे, काही उद्देश धर्मादाय आणि काही नसतील तर नसलेले पडल्यामुळं धर्मादाय उद्देश पडत नाहीत. म्हणजे समाधी बुडताना शिष्यवृत्तीला घेऊन बुडली असंही होत नाही.

शिष्यवृत्तीवरचा हल्ला जरा धारदार होता. शिक्षण हा कलम ९ मधला धर्मादाय उद्देश आहे, त्यात वाद नाही, पण लाभ लोकांना मिळाला पाहिजे, घरच्यांना नाही. इंग्लंडच्या १९५१ च्या ओपनहाइम प्रकरणात एका तंबाखू कंपनीच्या नोकरांच्या मुलांसाठी शिक्षणाचा ट्रस्ट होता, नोकर एक लाख दहा हजारांच्या वर, तरी कोर्ट म्हणालं हे सगळे एका मालकाच्या नात्यानं बांधलेले आहेत, ही पब्लिक नव्हे. मग भावकी तर रक्ताचं नातं. वकील म्हणाला, हा कुटुंबाचा फंड आहे, पब्लिक ट्रस्टच नाही, आणि खासगी म्हटला की कायमचा चालू शकत नाही.

सुनावणी सहायक धर्मादाय आयुक्तांसमोर, कारण पब्लिक ट्रस्ट आहे का आणि कुठली मालमत्ता त्याची आहे हे कलम १९ च्या चौकशीत तेच ठरवतात, दिवाणी कोर्ट नाही. साहेबांनी मृत्युपत्राची झेरॉक्स बाजूला सारून मूळ कागद मागवला आणि पहिलं कलम स्वतः मोठ्यानं वाचलं, बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं. मग विचारलं, यात ‘फक्त’ कुठाय? नव्हताच. मुख्य वर्ग गावच्या हायस्कूलमधल्या गरीब मुली, भावकीला नुसतं प्राधान्य, आणि तेही ती मुलगी त्याच हायस्कूलची आणि गरीब असेल तरच. ‘फक्त भावकीतल्या’ असं लिहिलं असतं तर दहा लाख गेले होते. तरी साहेबांनी एक्झिक्युटरकडून योजनेत लिहून घेतलं की भावकीचा वाटा वर्षाच्या मदतीत चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त जाणार नाही. पुतण्याला हे थोडं लागलं, पण हेडमास्तरांनी त्याला गप्प बसवलं.

अर्ज मुदतीत होता का यावरही अर्धा तास गेला. मृत्युपत्रातून पब्लिक ट्रस्ट निघत असेल तर एक्झिक्युटरनं प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यातलं जे आधी येईल त्याच्या आत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. आपल्याकडं वर्षश्राद्ध झाल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही अशी बऱ्याच घरात पद्धत आहे, पुतण्याचंही तेच चाललं होतं, हेडमास्तरांनी पाचव्या महिन्यात त्याला गाडीवर घालून साताऱ्याला आणलं म्हणून निभावलं.

राहिला सर्जा. भाच्याच्या वकिलाला वाटत होतं हे कलम सगळ्यात कच्चं, आणि हेच उभं राहिलं, पण भलत्याच कारणानं. गुरुजींनी दोन लाख सर्जासाठी ठेवले नव्हते, पुतण्याला दिले होते आणि पुढं काय करावं ते सांगितलं होतं. उत्तराधिकार कायद्याचं कलम १३८ सांगतं की रक्कम एखाद्याला पूर्णपणे दिली आणि ती अमुक पद्धतीनं वापर असा आदेश जोडला, तर त्या माणसाला ती आदेश नसल्यासारखी मिळते. म्हणजे पैसे पुतण्याचे. ट्रस्ट नाही, लाभार्थी नाही, त्यामुळं रद्द व्हायला काही उरलंच नाही. पण याची दुसरी बाजू बघा, उद्या पुतण्यानं त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता भरला तर कायद्यानं त्याला कुणी काही म्हणू शकत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या जजांनी एवढा खटाटोप करून जी जागा शोधली, इमानावर चालणारा ट्रस्ट, तिथं गुरुजी दोन ओळीत पोचले होते, बहुतेक न कळता. कसायाचा प्रश्न तसा कायद्यानंच मिटवलाय, २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे. शर्यतीला सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये अटींसह परवानगी कायम केली, पण सर्जाचे गुडघे बघितल्यावर त्याला शर्यतीत धरणारा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही.

मग प्रश्न येतो की समाधीचं कलमही तसंच लिहिलं असतं तर? ‘चार लाख पुतण्याला, आणि माझी इच्छा आहे की त्यानं बांधावर समाधी बांधावी’. टिकलं असतं. घात केला तो ‘ठेवून त्याच्या व्याजातून कायमस्वरूपी’ या शब्दांनी. आणि बैल म्हातारा आणि सांभाळणारा बेभरवशाचा असेल तर गोष्ट वेगळी, मग पैसे नोंदणी झालेल्या पांजरपोळाला द्यावेत, कारण एका बैलासाठीचा ट्रस्ट टिकत नसला तरी भाकड, जायबंदी जनावरं सांभाळणारी संस्था पब्लिक ट्रस्ट म्हणून चालते आणि तिचा हिशोब विचारायला वर धर्मादाय आयुक्त असतात. गुरुजींनी शहाणपणा केला म्हणायचा तो एकच, जमीन ट्रस्टला दिली नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ नं शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडं जाऊ शकत नाही, आणि मृत्युपत्रानंसुद्धा नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये गुजरातच्या विनोदचंद्र कापडिया प्रकरणात सांगितलंय, मूळ कायदा आपल्या दोघांचा एकच, मुंबई राज्याचा. तिथं अडकले असते तर सुनावणी चार पट लांबली असती.

शेवटी आदेश झाला. पब्लिक ट्रस्ट आहे, मालमत्ता अठरा लाख: दहा शिष्यवृत्तीचे, चार धर्मकार्याचे आणि समाधीचे खाली आलेले चार. दोन लाख पुतण्याचे वैयक्तिक. धर्मकार्याच्या आठ लाखातून दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्या गावकऱ्यांना मदत करायची असं एक्झिक्युटरनी लिहून दिलं. भाच्याला अपिलाला साठ दिवस होते. त्यानं केलं नाही, वकिलाची फी आणि मिळणारं शून्य याचा हिशोब अडतीवरच्या माणसाला सांगावा लागत नाही.

पहिल्या वर्षाच्या ऑडिटला पुतण्यानं सगळी बिलं फायलीत लावून दिली. त्यात मुलींच्या फीच्या पावत्या होत्या, एका म्हातारीच्या डायलिसिसचं बिल होतं आणि मधेच समाधीच्या दिव्याचं तेल, हार, नारळ मिळून सहाशे चाळीस रुपयाचं किराणा दुकानाचं बिल. ऑडिटरनं ते फायलीतून काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, हे ट्रस्टचं नाही, हे तुमच्या खिशातलं. पुतण्यानं घडी करून खिशात टाकलं आणि विचारलं, पेंडेचं बिल पण आणलं होतं, ते पण तसंच ना? तेही तसंच.